आधी दार ठरवा, मग गाडी

ताडोबाला कसं जायचं, असा विषय निघाला की मुंबई-पुण्याचा माणूस विमानाचे दर बघायला लागतो, नागपूरचा माणूस "गाडीनं अडीच-तीन तास" म्हणून मोकळा होतो, आणि चंद्रपूरचा माणूस उलट विचारतो, "कोणत्या गेटनं?" तिघांत चंद्रपूरकराचं बरोबर आहे. घरापासून विदर्भापर्यंतचे सात-आठशे किलोमीटर कसेही पार पडतात. सहलीचा विचका होतो तो शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरांत, पहाटे पाच वाजता, भलत्याच गावात.

ताडोबा म्हणजे एक फाटक आणि आत जंगल, असा मामला नाही. १९५५ साली ताडोबा तलावाभोवतीचं सुमारे ११६ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झालं; राज्यातलं ते सगळ्यात जुनं. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य जाहीर झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, साधारण ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या भोवतीचा बफर अकराशे चौरस किलोमीटरच्या वर. उत्तरेला चिमूरच्या डोंगररांगा, मोहर्ली आणि कोळशाकडे टेकड्या, आणि या सगळ्यांतून दक्षिणेला उतरणारी अंधारी नदी. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना हे डोंगर बुटके वाटतील. पण आरपार जाणारा रस्ता कोअरमधून जातो आणि तो येरझारीसाठी खुला नाही. त्यामुळे जंगलाच्या या अंगाच्या गावातून त्या अंगाच्या गावात जायचं, तर अख्ख्या जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो.

दारं अशी आहेत. चंद्रपूरच्या बाजूनं मोहर्ली, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गजबजलेलं. भद्रावती-वरोऱ्याकडून खुटवंडा. उत्तरेला चिमूरच्या अंगानं कोलारा आणि नवेगाव. कोळसा परिक्षेत्राची झरी आणि पांगडी; यातली झरी चंद्रपूर-मूल रस्त्यावरच्या चिचपल्लीहून आत वळल्यावर लागते. ही झाली कोअरची. बफरची दारं वेगळी: मोहर्लीच्या वाटेवर आगरझरी आणि देवाडा, चंद्रपूरजवळ जुनोना, चिमूर-खडसंगीकडे अलिझंझा, मदनापूर, बेलारा, आणि अशी आणखी बरीच. सफारीचं तिकीट अमुक दाराचं, अमुक तारखेचं, सकाळचं किंवा दुपारचं, असं निघतं. मोहर्लीचं तिकीट घेऊन कोलाऱ्यावर उभं राहिलात तर कोणी आत सोडत नाही, आणि सोडणार तरी कसं? प्रत्येक दारातून किती जिप्सी जायच्या, हे आधीच ठरलेलं असतं.

त्यातून एक फजिती नेहमी होते. मोहर्लीत स्वस्त खोली मिळाली म्हणून कोणीतरी ती पकडून ठेवतं, मग सफारीची तिकिटं काढायला बसलं की मोहर्ली भरलेलं असतं आणि कोलाऱ्याला दोन जागा दिसतात. नकाशावर दोन्ही गावं एकाच हिरव्या ठिपक्याच्या कडेला, म्हणून तिकीट निघतं. प्रत्यक्षात मोहर्लीहून कोलाऱ्याला जायचं म्हणजे भद्रावती, वरोरा, चिमूर असं फिरून शंभरेक किलोमीटरचा प्रवास. सकाळच्या सफारीसाठी रात्री तीनला निघावं लागतं, तेही अशा रस्त्यांवरून जिथे रानडुक्कर किंवा नीलगाय गाडीपुढे येणं ही रोजची गोष्ट आहे. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी सफारीचं तिकीट, मग त्या दाराजवळची खोली, आणि शेवटी रेल्वे, एसटी किंवा मोटार. बहुतेक लोक नेमकं उलटीकडून सुरू करतात.

आता वेळेचा हिशेब. सफारी दिवसातून दोन वेळा. सकाळची उजाडताच सुरू होते आणि दहाच्या सुमारास संपते. दुपारची दोन-अडीचनंतर निघते आणि अंधार पडायच्या आत बाहेर येते. ऋतूप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. दारावर अर्धा तास आधी हजर राहायचं असतं. म्हणजे सकाळची सफारी घेतली असेल, तर आदल्या संध्याकाळी दाराच्या गावात मुक्काम हवाच. नागपूरहून किंवा चंद्रपूर स्टेशनवरून थेट पहाटे येऊन ती साधायची हौस कोणी करू नये. येण्याच्या दिवशी दुपारची सफारी ठेवावी, तीही गाडी सकाळी नऊ-दहाच्या आत उतरवणार असेल तरच. आपल्या रेल्वेगाड्या किती वेळ पाळतात, हे वाचकांना सांगायला नको. दोन-तीन तासांची ढील ठेवली नाही, तर सफारीचे पैसे जातात. उशिरा आलेल्याला परतावा नसतो.

रेल्वेचं सविस्तर सांगतो, कारण माझा कौल तिच्याच बाजूनं आहे आणि लोकांचा गोंधळही तिथेच जास्त होतो.

चंद्रपूर हे दिल्ली-चेन्नई या मुख्य मार्गावरचं स्टेशन. नागपूरहून येणारी गाडी सेवाग्रामला दक्षिणेकडे वळते आणि हिंगणघाट, वरोरा, भांदक करत चंद्रपूरला आणि तिथून पुढे बल्लारशाहला पोचते. नागपूर ते चंद्रपूर या प्रवासाला एक्स्प्रेस गाडीला अडीच-तीन तास लागतात. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली आहे आणि तीही चंद्रपूरला थांबते, त्यामुळे हैदराबादकडच्या मराठी मंडळींची चांगली सोय झाली. भांदक म्हणजेच भद्रावती. रेल्वेनं गावाचं जुनं नाव धरून ठेवलं आहे. खुटवंड्याला जाणाऱ्याला हे स्टेशन जवळचं, पण मोठ्या गाड्या तिथे थांबतातच असं नाही.

मुंबईहून येणाऱ्यानं नागपूरपर्यंत जाऊन पुन्हा खाली यायची गरज नसते. वर्ध्याला उतरून सेवाग्राम स्टेशन गाठायचं. दोन्ही स्टेशनं जवळजवळ आहेत आणि ऑटो मिळतो. तिथून दक्षिणेकडची कोणतीही गाडी चंद्रपूरला किंवा बल्लारशाहला सोडते. पूर्वी सेवाग्राम एक्स्प्रेसचे काही डबे वर्ध्याला सुटायचे आणि दुसऱ्या गाडीला जोडून बल्लारशाहपर्यंत जायचे. झोपलेला माणूस न उठता चंद्रपूरला पोचायचा. ती सोय गेली, आणि वयस्कर प्रवासी अजून तिची आठवण काढतात. मराठवाड्यातल्या लोकांसाठी नंदिग्राम एक्स्प्रेस आहे. मुंबईहून निघून औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, नांदेड, किनवट, आदिलाबाद, वणी करत ती बल्लारशाहला येते. वेळ खाते, पण गाडी बदलावी लागत नाही.

आणि एक सावधगिरी. चंद्रपूर शहरात स्टेशनं दोन आहेत. एक चंद्रपूर, मुख्य मार्गावरचं. दुसरं चांदा फोर्ट, गोंदियाहून नागभीड, सिंदेवाही, मूल करत येणाऱ्या मार्गावरचं. दोन्ही शहरातच असली तरी एका स्टेशनवर उतरणार असं सांगून दुसऱ्यावर उतरलात, तर तुम्हाला न्यायला आलेला जिप्सीवाला वाट पाहत राहतो. "साहेब, मी मेन स्टेशनले उभा हाव, तुमी कुठं आहा?" हा फोन इथल्या प्रत्येक ड्रायव्हरनं कधी ना कधी केलेला आहे. गोंदिया, बालाघाट, जबलपूरकडून येणाऱ्यांसाठी मात्र चांदा फोर्टचा मार्ग सोयीचा. हा मार्ग स्वतःच जंगलातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले होते. खिडकीत बसून जंगल बघताना एवढं ध्यानात असू द्यावं.

नागपूर ते नागभीड ही छोट्या गाडीची लाईन, उमरेड-भिवापूरकडच्या लोकांची शतकभराची सोबत, रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. ते काम पुरतं झालं की जंगलाच्या पूर्वेकडच्या दारांना नागपूरहून रेल्वेची सरळ वाट मिळेल.

चंद्रपूरला उतरल्यावर मोहर्ली साधारण तीस किलोमीटर. हा तुकडा मात्र डोळे उघडे ठेवून बघावा. दुर्गापूर, ऊर्जानगर, मग पद्मापूर: एका बाजूला औष्णिक वीज केंद्राची धुराडी, दुसरीकडे कोळशाच्या उघड्या खाणी, रस्त्यावर काळी धूळ आणि डंपर. हे केंद्र जवळपास तीन हजार मेगावॅटचं आहे आणि त्याला पाणी इरई धरणाचं जातं. त्याच इरईचा फुगवटा पुढे मोहर्लीला लागतो आणि तिथले पर्यटक त्याच्या काठावर चहा पितात. वाघाचं जंगल आणि राज्याची वीज एकमेकांना इतकी खेटून आहेत, हे रिसॉर्टच्या जाहिरातीत दिसत नाही. आगरझरी आली की धूळ संपते आणि साग-बांबू सुरू होतो.

या तुकड्यासाठी तीन मार्ग. एसटी, ऑटो किंवा काळी-पिवळी, आणि हॉटेलवाल्यानं पाठवलेली गाडी. चंद्रपूर बसस्थानकावरून मोहर्लीकडे एसटी जाते. फेऱ्या मोजक्या आहेत आणि शेवटची गाडी अंधाराच्या आत निघून जाते, म्हणून स्थानकात उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्यावं. या गाडीत पर्यटक क्वचित असतात. गावात परत जाणाऱ्या बाया, बाजाराच्या पिशव्या, खताची पोती, शाळेची पोरं. तुमच्या पाठीवरची मोठी सॅक पाहून कंडक्टर हमखास विचारतो, "जंगल पाहाले चालले काय?" आणि मग मागच्या सीटवरची एखादी बाई, कोणी न विचारता, काल कुठल्या नाल्यात वाघीण दिसली ते सांगते. तिची माहिती पुष्कळदा रिसॉर्टच्या फळ्यावरच्या माहितीपेक्षा ताजी असते. तिच्या शेताच्या बांधावरूनच ती वाघीण गेलेली असते, आणि त्यात तिला गंमत वाटत नसते.

एसटीचा खर्च नगण्य आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आजी-आजोबा, आई आणि मुलं असं कुटुंब नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावरून चंद्रपूरला किंवा चिमूरला एसटीनं आलं, तर टॅक्सीच्या तुलनेत वाचलेल्या पैशांत बफरची एक जादा सफारी होते. अर्थात आजोबांच्या गुडघ्यांचं काय ते आधी बघा. शेवटच्या टप्प्याला मी स्वतः त्यांच्यासाठी गाडीच सांगेन.

नागपूरला विमानानं उतरणाऱ्यांचा विचार वेगळा. त्यांनी चंद्रपूरच्या नादी लागू नये. विमानतळावरून उमरेड, भिसी, चिमूर असं गेलं की कोलारा सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर पडतं, तर चंद्रपूर करून मोहर्लीला जायचं म्हणजे पावणेदोनशेच्या पुढे. कोलाऱ्याची हॉटेलं म्हणूनच महाग आहेत: दिल्ली-मुंबईहून सकाळच्या विमानानं आलेले लोक दुपारच्या सफारीला तिथेच पोचतात. विमानाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. वेळ कमी आणि पैसा हाताशी असेल तर या, कोलाऱ्याला जा.

स्वतःच्या मोटारीचं आकर्षण समृद्धी महामार्गानं वाढवलं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंतचा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. ताडोबाला जाणाऱ्यानं नागपूरपर्यंत जाऊ नये. वर्ध्याजवळ उतरून हिंगणघाट-जामकडे यावं, आणि जामहून वरोऱ्याचा रस्ता धरावा. वरोऱ्याला निर्णय होतो: उजवीकडे पुढे भद्रावती-चंद्रपूर, म्हणजे खुटवंडा आणि मोहर्ली, डावीकडे चिमूर, म्हणजे नवेगाव आणि कोलारा. वाटेत थांबायचं असेल तर वरोऱ्यालाच आनंदवन आहे, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभं करायला घेतलेलं.

पण समृद्धीचा सरळसोट रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. एकट्यानं गाडी हाणत मुंबईहून एका दमात येणारे लोक संध्याकाळी चिमूरच्या अरुंद रस्त्याला लागतात तेव्हा त्यांचं लक्ष उडालेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळेला चितळं रस्ता ओलांडत असतात. मधे एक मुक्काम करा, किंवा गाडी चालवणारे दोघे हवेत. दुसरी गोष्ट अशी की ही गाडी जंगलात जातच नाही. एकेकाळी स्वतःची मोटार घेऊन गाईडसोबत आत जाता यायचं. आता कोअर असो की बफर, आत जायचं ते नोंदणी झालेल्या जिप्सीतूनच, ड्रायव्हर आणि गाईड त्यांचे. तुमची मोटार दिवसभर रिसॉर्टच्या अंगणात उभी राहते. तिच्यावर जितका खर्च केलात, तितका ती उपयोगी पडत नाही. चार-पाच जण असाल, पुढे गडचिरोलीत फिरायचं असेल, किंवा सोबत लहान मूल असेल, तर मोटार परवडते. दोघेच असाल तर रेल्वे आणि शेवटी टॅक्सी.

आत जाण्याच्या दाराशी काय घडतं, हेही जरा बघून ठेवावं, म्हणजे तिथे धांदल होत नाही. हिवाळ्यातली मोहर्लीची पहाट घ्या. अंधारात जिप्सींची रांग, तोंडाला मफलर, चुलीवरच्या चहाचा धूर. खिडकीवर तिकिटाचा कागद दाखवायचा. ज्यांची नावं त्यावर आहेत त्यांची मूळ ओळखपत्रं बघितली जातात, म्हणून ती बॅगेत तळाला ठेवू नयेत. मग जिप्सीचा नंबर आणि गाईडचं नाव मिळतं. गाईड हे आजूबाजूच्या गावांतलेच, आता त्यांत मुलीही आहेत. मोबाइल आत नेता येत नाहीत, ते खोलीवरच ठेवून आलेलं बरं. उघड्या जिप्सीत मागे उंचावर दोन ओळी, सहा माणसं. सगळ्यात मागच्या ओळीतून लांबचं दिसतं पण गचके जास्त बसतात. पाठीचा त्रास असणाऱ्यानं पुढची ओळ मागून घ्यावी. आधी मागितली तर ड्रायव्हर नाही म्हणत नाही. उघड्या गाडीत डिसेंबरची पहाट अंगावर येते, तेव्हा घोंगडी किंवा रग सोबत हवाच. उन्हाळ्यात तोच माणूस ओढणी-रुमाल भिजवून डोक्याला गुंडाळतो, कारण चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५-४६ अंशांच्या वर जाणं ही इथली नित्याची गोष्ट आहे.

दार उघडलं की गाडी ताशी वीस किलोमीटरच्या वर जायची नसते. मोहर्लीहून आत गेल्यावर खातोड्यापासून ताडोबा तलावाकडे जाणारा डांबरी रस्ता लागतो आणि त्याच्या कडेनं ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले, असं सांगतात. निरोप पोचवायची सोय होती, अशी आख्यायिका आहे. तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख, त्याच्यावरूनच ताडोबा. पौषात त्याची जत्रा भरत आली आहे. जंगलाच्या आत नवेगाव, जामणी, बोटेझरी अशी गावं होती. ती पुनर्वसनात बाहेर गेली आणि त्यांच्या शेतांची आता कुरणं झाली आहेत. रानगवे, चितळं तिथेच चरताना दिसतात. वाघ दिसला नाही तर रागावू नका. एवढं पाहिलं तरी फेरी वाया गेली नाही.

बफरविषयी माझं मत अनेकांना पटणार नाही. पहिल्यांदा येणाऱ्यानं एक सफारी कोअरची आणि एक बफरची करावी. बफरचं तिकीट तुलनेनं सहज मिळतं, दारं जास्त असल्यामुळे मुक्कामाजवळचं एखादं सापडतंच, आणि वाघ सीमा बघून फिरत नाही. शिवाय तिथला पैसा गावातल्या तरुणांच्या हातात पडतो, ज्यांच्या गुरांवर आणि माणसांवर वाघाचे हल्ले होतात. मोहर्ली आणि कोलारा या दोनच दारांवर सगळ्यांनी गर्दी केली, तर जंगलाचंही भलं होत नाही आणि तुमचंही. एका वाघामागे दहा जिप्सी, मग त्यांच्या मागे धुरळा.

ताडोबा झालं म्हणजे या भागातलं जंगल झालं, असं समजून परत फिरणारे खूप. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तीन चतुर्थांशाहून जास्त जंगलानं व्यापलेला आहे. तिथे जायचा विचार मात्र मुळापासून वेगळा करावा लागतो. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला अजून रेल्वे नाही. वडसा ते गडचिरोली ही ५२ किलोमीटरची लाईन बांधली जाते आहे. तोवर उत्तरेकडून येणाऱ्यानं वडशाला, म्हणजे देसाईगंजला उतरावं, आणि दक्षिण गडचिरोलीत जाणाऱ्यानं बल्लारशाहला. बल्लारशाहहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली हा सरळ रस्ता. आष्टीजवळ चपराळा अभयारण्य आहे, १९८६ सालचं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं; वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते ती जागा तिथेच. आलापल्ली सागासाठी प्रसिद्ध. तिथून सिरोंचाच्या रस्त्यावर पुढे रेपनपल्लीहून आत कमलापूर, वनखात्याचा हत्ती कॅम्प. आणि आलापल्लीहून पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवर भामरागड. त्याच्या अलीकडे हेमलकसा, प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प, १९७३ पासूनचा.

या वाटेवर ताडोबासारखी सफारीची यंत्रणा अपेक्षित धरू नका. दर तासाला फेरी नाही, ऑनलाइन खिडकी नाही, प्रत्येक गावात हॉटेल नाही. इथे स्वतःची मोटार किंवा चंद्रपूरहून ठरवलेली गाडीच बरी. एसटी आलापल्ली, अहेरी, भामरागडपर्यंत जाते, पण आतल्या फाट्यांवरून पुढे पायपीट आहे. आलापल्लीला टाकी भरून घ्या, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका, आणि मोबाइलला रेंज मधूनच जाते हे घरच्यांना सांगून ठेवा. आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची रीघ असते. त्यांच्या मागे अडकलात की तासाचा रस्ता दोन तासांचा होतो, म्हणून पहाटे निघावं. शिवाय २०२१ च्या शरदात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला आणि इथे रमला. रात्री जंगलातल्या रस्त्यानं न जाण्याचं आणखी एक कारण झालं.

पावसाळ्यात तर भामरागडचा विचारच करू नये. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचं हे गाव. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाऊन गाव बाकीच्या जिल्ह्यापासून तुटत आलं आहे, कधी एक दिवस तर कधी चार. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा गडचिरोलीचा काळ. ताडोबाचं कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं; १ ऑक्टोबरला उघडतं तेव्हा गवत माणसाएवढं असतं आणि वाघ क्वचित दिसतो, पण जंगल हिरवंगार. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर सगळेच येतात, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त आणि माणसाचे हालही तेव्हाच सगळ्यात जास्त. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर मी नोव्हेंबर-डिसेंबरच सुचवीन.

थोडक्यात कोणी विचारलंच, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कुटुंबानं रात्रीच्या रेल्वेनं वर्धा किंवा नागपूर गाठावं, तिथून दुसऱ्या गाडीनं चंद्रपूर, हॉटेलची गाडी बोलावून मोहर्ली किंवा आगरझरी. विमानानं आलात तर कोलारा. मराठवाड्याहून नंदिग्राम. गडचिरोली जोडायचं असेल तरच मोटार. आणि शनिवार-रविवारचा अट्टहास सोडा: सफारीचा दर त्या दोन दिवशी जास्त असतो, खोल्या महाग असतात, रस्त्यावर गर्दी असते. बुध ते शुक्र हे दिवस चांगले. मंगळवार मात्र धरू नका, मंगळवारी कोअरची सगळी दारं बंद असतात.